भुतांवर विश्वास नाही, मग भुताच्या गोष्टी सुटत का नाहीत?

अर्धाकंदील (रात्री ११:५२)

रात्री भाचीला वाचून दाखवायचं काम गेले काही महिने माझ्याकडे आहे. वय वर्षं बारा. पुस्तक तिनं निवडायचं, आवाज मी काढायचे, असा करार. तिनं अर्थातच भुताचं निवडलं. परवा एक जागा अशी आली की वरचा मजला कित्येक वर्षं बंद आहे आणि जिन्यावरून कोणीतरी सावकाश खाली उतरतंय. मीही जरा रंगात आलो होतो. तिनं माझं मनगट पकडलं. "मामा, थांब." मी निमूटपणे पुस्तक मिटायला लागलो, तर लगेच ओरडली, "अरे, खूण घालून मिट ना!"

आता माझी स्थिती सांगतो. मी भूत मानत नाही. बारा-पंधरा वर्षं रात्रपाळी केली, रिकाम्या इमारतींत एकटा हिंडलो, कधी काही दिसलं नाही. (दिसावं अशी थोडी इच्छा होती, हे इथे कबूल करतो.) तरी कपाटातला निम्मा खण भुतांनीच अडवलाय. रहस्यकथा एकदा वाचली, खुनी कळला, की मी ती कोणाला तरी देऊन टाकतो. भुताची गोष्ट मात्र शेवट पाठ असला तरी परत काढतो.

'घाबरायला मजा येते, उंच पाळण्यात बसल्यासारखी' हे नेहमीचं उत्तर मला पुरत नाही, कारण माझ्या आवडत्या गोष्टींपैकी कितीतरी गोष्टींत घाबरण्यासारखं फारसं काही नसतंच. टागोरांची १८९५ सालची 'क्षुधित पाषाण' घ्या. कापसावरचा कर गोळा करणारा एक माणूस एका ओसाड महालात राहायला जातो आणि दर रात्री त्या महालाचे जुने दिवस त्याच्याभोवती जागे होतात. हे सगळं तो गाडीची वाट बघत बसलेल्या सहप्रवाशांना सांगतोय. मुख्य गोष्ट, म्हणजे त्या इराणी मुलीची, आता सुरू होणार, एवढ्यात गाडी येते. ओळखीचा एक साहेब त्याला आपल्या डब्यात बोलावतो, तो चढतो, संपलं. पहिल्यांदा वाचली तेव्हा मी चिडून पान उलटून पाहिलं, मागे काही छापायचं राहिलंय का म्हणून. आज इतक्या वर्षांनी महालाचं वर्णन पुसट झालंय, पण ती निघून गेलेली गाडी तशीच आहे.

तर प्रश्न असा: आपण नक्की कशासाठी परत जातो? भीतीसाठी, की अर्धवट राहिलेल्या कशासाठी तरी?

शून्यप्रहर

वाखु (वाचनखूण) साठवली. सविस्तर नंतर लिहितो. आत्ता घरी एकटा आहे आणि तुम्ही तो जिना उगाच आणलात.

तर्कट

क्षमस्व, पण वेगळा सूर लावतो. भूत नसतं. रात्री जाग येते, शरीर हलत नाही, छातीवर कोणीतरी बसलंय असं वाटतं, त्याला झोपेतला पक्षाघात म्हणतात. स्वप्नं पडणाऱ्या झोपेत मेंदू स्नायू सैल सोडून ठेवतो. जाग आधी आली आणि स्नायू मागे राहिले की हा प्रकार होतो. १९२१ साली विल्मर नावाच्या अमेरिकन नेत्रतज्ज्ञानं एका 'झपाटलेल्या' घराची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. पावलांचे आवाज, दिसणाऱ्या आकृती, डोकेदुखी, मरगळलेली झाडं, आणि कारण काय, तर बिघडलेल्या भट्टीतून घरात पसरणारा कार्बन मोनॉक्साइड. इतकं कळल्यावरही मोठी माणसं असल्या गोष्टींत रमतात आणि वर मुलांनाही वाचून दाखवतात, याचं नवल वाटतं.

अर्धाकंदील

@तर्कट, 'भूत नसतं' या दोन शब्दांशी सहमत आहे, वर तसं लिहिलंही आहे. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. इसापाचा कोल्हा बोलतो म्हणून कोणी प्राणिशास्त्राची तक्रार करत नाही. भुताचं नाव काढलं की मात्र आधी ओळखपत्र मागतात.

जुनीवही

धागा आवडला. कंदीलराव, तुमच्या भाचीचं 'थांब' वाचून मला दोन हजार वर्षांपूर्वीचं एक 'थांब' आठवलं.

रोममधला धाकटा प्लिनी, म्हणजे व्हेसुव्हियसचा उद्रेक ज्यानं पत्रांत लिहून ठेवला तोच. त्याचं सुरा नावाच्या मित्राला लिहिलेलं एक पत्र आहे. सुरुवातच अशी की भुतं खरंच असतात असं तुला वाटतं का, सांग. मग तो अथेन्समधल्या एका घराची ऐकीव गोष्ट सांगतो. रात्री तिथे साखळदंडांचा आवाज येतो आणि हातापायांत बेड्या असलेला, दाढी वाढलेला एक म्हातारा दिसतो. घर ओस पडलेलं. अथेनोडोरस नावाचा तत्त्वज्ञ शहरात येतो, भाडं फारच कमी बघून त्याला संशय येतो, चौकशी करतो, आणि सगळं कळल्यावर मुद्दाम तेच घर घेतो. रात्री घरातल्यांना आत पाठवून, दिवा, लिहायची पाटी आणि लेखणी घेऊन बसतो. मन रिकामं राहिलं तर ते भलतंसलतं उभं करील, म्हणून लिहिण्यात गुंततो.

आवाज लांबून येतो, मग दाराशी, मग खोलीत. तो मान वर करून बघतो, वर्णनाशी आकृती जुळते. ती बोटानं खुणावतेय, ये म्हणून. आणि हा गृहस्थ हातानं खूण करतो, जरा थांब, आणि पुन्हा लिहायला लागतो! भूत त्याच्या डोक्याशी येऊन साखळ्या खडखडवतं. मग तो दिवा उचलतो आणि मागोमाग जातो. भूत जड पावलांनी अंगणात जातं आणि एका जागी नाहीसं होतं. तो तिथे गवतपाला ठेवून खूण करतो. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांना सांगून खणतात, तर बेड्यांत अडकलेली हाडं. रीतसर दफन होतं, मग घर शांत.

हिच्यात घाबरवणारं फार काही नाही, पण पुढच्या सगळ्या भूतकथांचं सामान आहे. स्वस्त घर आहे, न मानणारा भाडेकरू आहे, जवळ येत जाणारा आवाज आहे, पुरून टाकलेलं काहीतरी आहे. मला स्वतःला सगळ्यात खरी वाटते ती लिहिता लिहिता केलेली हाताची खूण. अशी तपशिलाची कडी कोणी उगाच रचत नाही. (किंवा फार चांगला लेखकच रचतो.)

शून्यप्रहर

म्हणजे तिथेही खूण घालूनच ठेवली! पुस्तकात नाही, अंगणात.

लोलक

मी ध्वनीच्या धंद्यातला माणूस, म्हणून माझ्या आवडीचं एक भूत.

विक टँडी नावाचे अभियंते इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीतल्या एका प्रयोगशाळेत काम करायचे. तिथे लोकांना अस्वस्थ वाटायचं, कोणीतरी मागे उभं असल्यासारखं. एका रात्री हे एकटेच काम करत होते. घाम फुटलेला, मानेवरचे केस उभे, आणि डाव्या बाजूला डोळ्याच्या कडेला एक करडी आकृती. धीर करून वळले तर काही नाही. सरळ घरी गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांना तलवारबाजीच्या सामन्याला जायचं होतं, म्हणून तलवारीचं पातं दुरुस्त करायला पकडीत आवळून ठेवलं. बघतात तर पातं आपोआप थरथरतंय, कोणी हात न लावता. अशा वेळी तुम्ही-आम्ही पळालो असतो. त्यांनी पकड जमिनीवरून हळूहळू सरकवत नेली आणि पातं कुठे जास्त हलतं ते बघितलं. खोलीच्या मधोमध सर्वांत जास्त, टोकांना शांत. नव्यानं बसवलेला पंखा सुमारे १९ हर्ट्झचा आवाज काढत होता आणि त्याची लाट खोलीत उभीच्या उभी अडकली होती. कानाला ऐकू न येणारा, पण अंगाला जाणवणारा आवाज. पंख्याच्या बैठकीत बदल केला, भूत गेलं. १९९८ साली त्यांनी यावर शोधनिबंध लिहिला.

तर्कट

बघा! मी हेच म्हणत होतो.

लोलक

थांबा, तर्कटराव. मी ही हकिकत निदान पन्नास वेळा सांगितली असेन. करड्या आकृतीशी आलो की सगळे पुढे झुकतात. थरथरत्या पात्याशी कोणी श्वास घेत नाही. पंख्याशी आलो की मागे टेकून हातात मोबाइल घेतात. दरवेळी, न चुकता. उत्तर बरोबर आहे, मला अतिशय आवडतंही. पण मंडळी उत्तरासाठी बसलेली नसतात.

भाषावेल्हाळ

मराठीत या प्रश्नाचं अर्धं उत्तर शब्दातच आहे, हे कोणीच कसं म्हटलं नाही? भूत म्हणजे 'झालेलं'. भू धातूचं भूतकाळवाचक रूप. भूतकाळातला भूत आणि जिन्यावरचं भूत, शब्द एकच. जे होऊन गेलंय पण गेलेलं नाही, ते भूत. लिंग तेवढं बदललं.

शिवाय चांगलं पुस्तक आपल्याला 'झपाटतं'. एखादी कल्पना 'मानगुटीवर बसते'. वेड उतरलं की 'भूत उतरलं' म्हणतो. वाचनाच्या व्यसनाला आपण आधीपासून याच भाषेत बोलतोय.

अडाणी_आनंद

शब्दखेळ झकास, पण जरा जपून. पंचमहाभूतंही भूतंच आणि 'भूतदया' ही भुतांवर करायची दया नव्हे. 'भूत' म्हणजे जे आहे ते, कुठलाही जीव, असाही अर्थ आहे. त्या हिशोबानं तुम्ही-आम्हीही भूतच.

भाषावेल्हाळ

मान्य. आणि हे तर जास्तच भीतिदायक झालं.

अवांतर, पण फार अवांतर नाही: आपल्याकडच्या जुन्या कथासंग्रहात भूत घाबरवतच नाही, ते गोष्टी सांगतं. अकराव्या शतकात सोमदेवानं काश्मिरात 'कथासरित्सागर' लिहिला, त्यात वेताळाच्या गोष्टी आहेत. स्मशान, रात्र, झाडाला लटकलेलं प्रेत, खांद्यावर घेऊन चाललेला राजा. भीतीची सगळी सामग्री तयार, आणि त्या प्रेतातला वेताळ काय करतो? वाट कंटाळवाणी आहे म्हणून गोष्ट सांगतो. शेवटी कोडं घालतो. उत्तर येत असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल, आणि बोललास तर मी परत झाडावर. राजा दरवेळी बोलतो, दरवेळी मागे जाऊन प्रेत उतरवतो. शेवटच्या कोड्याला त्याच्याकडे उत्तर नसतं, तो गप्प राहतो आणि फेरा सुटतो.

लहानपणी मला वाटायचं, राजा शहाणा आहे तर एकदाही तोंड मिटून का बसत नाही? डोकं फुटण्याची भीती वगैरे ठीक आहे. माझा संशय असा की त्याला पुढची गोष्ट हवी असते.

आणि हा सगळा सागर ज्या 'बृहत्कथे'तून आला म्हणतात ती गुणाढ्यानं कुठल्या भाषेत लिहिली? पैशाचीत. पिशाचांच्या भाषेत! सोमदेवच सांगतो की राजानं ती नाकारल्यावर गुणाढ्य डोंगरावर बसून एकेक पान रानातल्या प्राण्यांना वाचून दाखवायचा आणि जाळायचा. प्राणी चरायचं सोडून डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिले. सात लाख श्लोकांतले सहा लाख गेले, एक लाख वाचले. म्हणजे आपलं कथावाङ्मय सुरू होतं तेच पिशाचाच्या तोंडून ऐकलेल्या आणि बऱ्याचशा राख झालेल्या पुस्तकापासून. जिनिव्हाच्या तळ्याकाठी पावसाळी रात्री भूतकथा लिहायची टूम निघाली आणि त्यातून मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' आली, ते कृपया कोणी सांगू नका. दर धाग्यावर येतं.

शून्यप्रहर

मी तेच टंकत होतो. खोडलं.

खारुताई

मी गोष्टी लिहिते (छापून येत नाहीत, तो विषय वेगळा), म्हणून कारागिरीच्या बाजूनं.

एम. आर. जेम्स हे केंब्रिजमधले जुन्या हस्तलिखितांचे अभ्यासक. नाताळच्या सुमारास मित्रांना मेणबत्तीच्या उजेडात स्वतःच्या भूतकथा वाचून दाखवायचे. पहिला संग्रह १९०४चा. त्यातली शिट्टीची गोष्ट मी वहीत उतरवून काढली होती, कशी चालते ते बघायला. भुताखेतांचा तिटकारा असलेला एक प्राध्यापक (तर्कटराव, वाचाच) समुद्रकाठी सुट्टीला येतो. अवशेषांत त्याला एक जुनी शिट्टी सापडते, तो ती फुंकतो. एवढंच. पण त्याआधी, गोष्ट सुरू होताहोताच, लेखकानं एक बिनमहत्त्वाचं वाक्य टाकलंय: खाणावळीत त्याला मिळालेली खोली दोन खाटांची आहे. माणूस एक, खाटा दोन. प्राध्यापकाला ती दुसरी खाट अडचण वाटते. आपण पुढे जातो, विसरतो. मग नोकराणी विचारते, जादा पांघरूण कुठल्या खाटेवर घालू, कारण सकाळी दोन्ही बिछाने विस्कटलेले होते.

बस्स. इथे माझ्या अंगावर जो काटा येतो तो शेवटी उठून येणाऱ्या भुताच्या चुरगळलेल्या चादरीच्या तोंडालाही येत नाही. रक्त नाही, किंकाळी नाही, फक्त चुरगळलेला बिछाना. नवशिके (म्हणजे मी) पहिल्याच परिच्छेदात वटवाघळं उडवतात. जाणकार आधी दुसरी खाट ठेवतो आणि तीस पानं तिच्याकडे बघतही नाही.

आपल्याकडे नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांत मला हा फरक दिसतो. धारपांकडे बाहेरून काहीतरी येतं आणि त्यांच्या कथानायक समर्थांसारखा कोणी असला तर त्याला परत धाडता येतं. ती वाचून झोप लागते. मतकरींच्या गूढकथेत बहुतेक वेळा खाट आपणच मांडलेली असते. ती वाचून झोप लागत नाही.

अडाणी_आनंद

धारपांवर जरा अन्याय झाला, पण मुद्दा पोचला.

शून्यप्रहर

आता माझं सविस्तर. मला मजा याची वाटते की भूत कधी जुनं होत नाही, कारण ते दरवेळी नवं यंत्र पकडतं. मोर्सनं तारेवरून पहिला जाहीर संदेश धाडला १८४४ला. १८४८ला न्यूयॉर्क राज्यात फॉक्स बहिणींच्या घरात आत्मे टकटक करून उत्तरं द्यायला लागले. तारयंत्रासारखीच टकटक! चाळीस वर्षांनी, १८८८ला, त्यांतल्या एकीनं भर सभेत पायाच्या बोटाचा सांधा वाजवून दाखवला आणि सांगितलं, हेच ते. तरी लोक बोलावतच राहिले. कॅमेरा आला तशी भुतांची छायाचित्रं आली, आणि ती विकणाऱ्या ममलरवर १८६९ला फसवणुकीचा खटलाही झाला. (सुटला.)

आणि माझ्या पिढीचं भूत तर आपल्यासारख्याच एका मंचावर जन्मलं. जून २००९, छायाचित्रांत फेरफार करून अमानवी काहीतरी दाखवायची स्पर्धा. एकानं मुलांच्या दोन जुन्या वाटणाऱ्या छायाचित्रांत मागे एक उंच, बिनचेहऱ्याचा माणूस घातला. स्लेंडरमॅन. कोणी, कधी, कुठल्या धाग्यावर बनवला ते सगळ्यांना माहीत होतं. तरी काही महिन्यांत लोक 'मी पाहिलाय' म्हणायला लागले. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, इथे तर ब्रह्मराक्षसाचा जन्मदाखला हातात होता.

जपानात पूर्वी एक खेळ असायचा म्हणे, शंभर दिवे लावून बसायचं, प्रत्येक भुताच्या गोष्टीनंतर एक मालवायचा. शेवटचा विझला की खरंच काहीतरी येणार. म्हणून पुष्कळ जण ९९ला थांबायचे. तेव्हा या धाग्यानंही शंभरी गाठू नये ही विनंती.

जुनीवही

मला अजून एक सांगायचंय. प्लिनीचं भूत ज्याला कोणी दाद देत नाही अशा कैद्याचं आहे. हे पुढेही दिसतं. इंग्रजीतल्या एकोणिसाव्या शतकातल्या भूतकथांत बायकांनी लिहिलेल्या इतक्या आहेत, आणि त्यांची भुतं बघा. गॅस्केलबाईंच्या १८५२च्या गोष्टीत बर्फात उभी राहून खिडकी बडवणारी एक लहान मुलगी आहे. तिला आत यायचंय. काच थडथडताना दिसते पण आवाज येत नाही. तिला आणि तिच्या आईला याच घरातून हाकललं होतं, आणि ज्या बहिणीच्या चहाडीमुळे हाकललं, ती आता म्हातारी होऊन आत शेकोटीशी बसलीय. आवाज न येणारी थडथड! जिवंत असताना ऐकलं नाही, मेल्यावर तरी कुठे ऐकू येतंय.

टोनी मॉरिसन यांची 'बिलव्हेड' १९८७ची. गुलामगिरीतून पळालेली आई, पकडायला माणसं येतात तेव्हा मुलीला परत तिथे जाऊ द्यायचं नाही म्हणून स्वतःच्या हातानं मारते. मागे १८५६ची मार्गारेट गार्नरची खरी हकिकत आहे. ती मुलगी घरात परत येते. ही गोष्ट भूत न आणता सांगता आली असती, पण मग ती 'तेव्हाची' झाली असती. भुतामुळे ती जेवणाच्या टेबलाशी येऊन बसते.

तर्कट

एवढं समाजशास्त्र भुताच्या खांद्यावर? बिचाऱ्याला पेलेल का.

बाकी, शिट्टीची गोष्ट काल रात्री वाचली. बरी आहे.

(दुसरी खाट आमच्याही खोलीत आहे. मुलगा शिकायला बाहेर असतो. ती आज बाहेर काढून ठेवलीय. जागा अडते म्हणून.)

खारुताई

जागा अडते म्हणून!! 😄

तर्कटराव, तुम्हाला एक साथीदार देते. ईडिथ व्हॉर्टन यांनी स्वतः सुंदर भूतकथा लिहिल्यात. पण सत्ताविशी-अठ्ठाविशीपर्यंत त्यांना भुताचं पुस्तक असलेल्या खोलीत झोपता यायचं नाही. पुस्तक खालच्या मजल्यावर ग्रंथालयात आहे एवढं कळलं तरी भीती वाटायची, म्हणून अशी कित्येक पुस्तकं जाळल्याचं त्यांनी लिहून ठेवलंय. पुढे त्यांच्याच संग्रहाच्या प्रस्तावनेत त्यांनी एक जुनं उत्तर दिलंय: भुतांवर माझा विश्वास नाही, पण मला त्यांची भीती वाटते. आणि हे उत्तर केवळ चमत्कृती नाही असंही म्हटलंय.

तर्कट

मी कधी भीती म्हटलं? जागा म्हटलं.

गंभीरपणे विचारतो. हेन्री जेम्स यांची १८९८ची ती शिक्षिकेची गोष्ट, 'द टर्न ऑफ द स्क्रू'. तिला भुतं दिसतात, बाकी कोणालाही दिसल्याचं खात्रीनं सांगता येत नाही. समीक्षक एडमंड विल्सन यांनी १९३४ला मांडलं की भुतं तिच्याच मनातली आहेत. मला हे पटतं. मग प्रश्न सुटला ना?

खारुताई

सुटला, आणि गोष्टही सुटली हातातून. मी ती दोनदा वाचली, एकदा भुतं खरी धरून, एकदा बाई आजारी धरून. दोन्ही वेळा शेवटपर्यंत जाता येतं आणि दोन्ही वेळा काहीतरी उरतं. ते उरलेलं कुठल्याच बाजूला बसत नाही. ज्या दिवशी बसेल त्या दिवशी मी ती तुमच्या कंदीलरावांसारखी कोणाला तरी देऊन टाकीन. 'सगळं स्वप्न होतं' म्हणून संपणाऱ्या गोष्टींवर तर माझा कायमचा बहिष्कार.

पानगळ

वाचनमात्र असते नेहमी. आज लिहिते.

'माकडाचा पंजा' बऱ्याच जणांनी शाळेत वाचली असेल, डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज यांची, १९०२ची. म्हातारा बाप तीन इच्छा पुरवणाऱ्या पंजाकडे दोनशे पौंड मागतो. मुलगा कारखान्यात यंत्रात सापडून जातो आणि भरपाई येते, बरोबर दोनशे पौंड. काही दिवसांनी आई हट्ट धरते, मुलगा परत माग. मध्यरात्री दार वाजतं. ती खाली धावते. वरच्या कडीला हात पोचत नाही म्हणून खुर्ची ओढते. तो आवाज येत असताना बाप अंधारात जमिनीवर पंजा चाचपडतोय, तिसरी इच्छा मागायला. कशा अवस्थेत मुलगा आला असेल हे त्याला माहीत आहे. खुर्ची सरकते, दार उघडतं, आणि बाहेर समोरच्या दिव्याखाली रिकामा रस्ता.

शाळेत वाचली तेव्हा मी बापाच्या बाजूची होते. लवकर शोध, लवकर शोध, असं व्हायचं.

मागच्या वर्षी माझी बहीण गेली. सामान आवरताना तिच्या पुस्तकांत ही गोष्ट निघाली आणि मी तिथेच जमिनीवर बसून वाचली. खुर्ची ओढायची जागा आली तेव्हा मला कळलं की मी आईच्या बाजूनं वाचतेय. कडी निघू दे, एवढंच चाललं होतं मनात. काहीही असो बाहेर.

कंदीलदादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे का, माहीत नाही. पण दुसऱ्या कुठल्या गोष्टीत दार वाजत नाही.

लोलक

🙏

तर्कट

पानगळ ताई, वाचलं. माझ्या पहिल्या प्रतिसादातला सूर जरा जास्तच लागला होता.

अर्धाकंदील

उशीर झाला उत्तराला. पानगळ, तुमचा प्रतिसाद वाचल्यावर दोन दिवस काही टंकावंसं वाटलं नाही. मीही इतकी वर्षं बापाच्याच बाजूनं वाचत आलो होतो. परत काढणार आहे.

भाचीचा वृत्तान्त. जिन्याची गोष्ट तिनं अजून उघडू दिलेली नाही. खूण तिथेच आहे, रोज रात्री एकदा तपासते, हलली तर नाही ना. मधल्या काळात मी जुनीवही ताईंची अथेन्सची गोष्ट सांगितली, साखळ्यांच्या आवाजासाठी किल्ल्यांचा जुडगा वापरला. तत्त्वज्ञ हात वर करून भुताला 'जरा थांब' म्हणतो तिथे तिनं मला अडवलं.

"मग भूत थांबलं?"

म्हटलं, थोडा वेळ थांबलं, मग डोक्याशी येऊन साखळ्या वाजवायला लागलं.

ती जरा वेळ छताकडे बघत पडून राहिली. मग म्हणाली, "बिचारं. इतकी वर्षं कोणी आलंच नव्हतं, आणि जो आला तो लिहीत बसला."

दिवा मालवू का विचारलं, तर मालव म्हणाली. दार मात्र उघडं ठेवायला सांगितलं.